सावकाश खाली

रॅकेट मी फक्त डास मारायची धरली आहे,
तीही डाव्या हातात.
तरी पालिकेच्या दवाखान्यात डिमेलोबाईंनी
केसपेपरवर लिहिलं, टेनिस एल्बो.
मी कागद घडी करून गल्ल्यात टाकला,
उधारीच्या चिठ्ठ्यांवर.

दुखत होतं पावसाळ्यापासूनच.
कपबशी उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी
कुणी टाचणी लावून ठेवल्यासारखं.
मग दाराची कडी, बरणीचं झाकण, पिळायचं फडकं,
आणि कात्री.
मुख्य म्हणजे कात्री.

एकतीस वर्षं तीच. दहा इंची, काळ्या मुठीची.
कन्नमवार नगरातल्या माझ्या गाळ्यात
तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.
पतंगाचा कागद कापायला नेली म्हणून
सख्ख्या दिराशी दोन दिवाळ्या बोलले नव्हते.

"सहा आठवडे कात्री बंद."
मी म्हटलं, मे महिना आहे बाई, लग्नं आहेत.
त्या म्हणाल्या, लग्नं होतील.

म्हणून आता आरिफा शटर ओढते
आणि मी कटिंगच्या टेबलावर हात पसरते.
मनगट कडेच्या बाहेर, तळवा फरशीकडे,
मुठीत पाण्याची छोटी बाटली, अर्धीच भरलेली.
डाव्या हाताने उजवं मनगट वर उचलून द्यायचं,
मग डाव्याने बाजूला व्हायचं
आणि उजव्याने एकट्याने
खाली यायचं.
पाच आकडे मोजत.
चढणं हिशोबात धरूच नका, बाई म्हणाल्या होत्या,
सगळं औषध उतरण्यात आहे.
पंधरा वेळा. थांबायचं. पुन्हा पंधरा.
थोडं दुखलं तर चालेल,
कळ आली तर बाटलीतलं पाणी कमी करा.

मला कसली सावकाशीची सवय!
हुक, काजं, गळ्याची पट्टी, तासाभरात घेऊन जा म्हणणारी मी.
तिसऱ्या आकड्यालाच हात धपकन खाली.
"काकी, तीनच झाले," आरिफा म्हणते,
"चीटिंग."

कोथिंबिरीच्या जुडीचं रबर पाची बोटांवर चढवून
बोटं फाकवते, मिटते,
गिऱ्हाइकाला दूरवरून भाव सांगावा तशी,
पाच, पाच, पाच.
मग हात समोर ताठ, पंजा खाली दुमडून
दुसऱ्या हाताने अंगाकडे ओढून धरायचा, तीस मोजेपर्यंत.
समोरचा पानवाला पहिल्या दिवशी विचारत होता,
वहिनी, बस थांबवताय का?

कात्री मी दिली तिसऱ्या दिवशी.
जांभळा खण होता, खारकर मॅडमचा, कापड मोजून मापून.
खडूच्या खुणा मी डाव्या हाताने केल्या होत्या,
लहान मुलाने रस्ता काढावा तशा.
म्हटलं, टोकाने नको, पोटाने काप,
कापड उचलू नकोस, कात्रीला टेबलावरून चालू दे.
आणखी पुष्कळ सांगायचं होतं.
ती मुंढ्याच्या वळणाशी आली
आणि मी मनातल्या मनात मोजायला लागले.
एक. दोन.
पाचाला कापड सुटं झालं.

वळण माझ्यापेक्षा गोल होतं.
सांगितलं नाही तिला. पुढच्या सोमवारी सांगितलं,
तेही पगार देताना, पैसे मोजता मोजता.

आज नववा आठवडा.
चहाची किटली उचलते, फडकं पिळते,
बाटली आता गळ्यापर्यंत भरलेली असते.
कात्री आम्हा दोघींच्या मधे पडलेली,
जिचा हात आधी पोचेल तिची.
आरिफा अजून समोर बसून मोजते,
काल मी सहावर नेलं.

संध्याकाळी दीर येऊन गेला,
नातवाच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा घेऊन.
नाही म्हटलं.
इतकी काही बरी झालेली नाही मी.